लघुऋण आणि संपन्न प्रदेश : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात एक विचार

कर्जाचा बाजार इतर बाजारांहून एका बाबतीत निराळा आहे. ज्याला कर्जाची निकड कमी त्याला ते सहज व स्वस्त मिळते. ज्याला निकड अधिक त्याला ते कष्टाने व महाग मिळते. तारण, जामीन आणि परतफेडीचा पूर्वेतिहास या तीन गोष्टींवर पत उभी असते, आणि निर्धनापाशी या तिन्ही गोष्टी नसतात. ही कोंडी फोडण्यासाठी तारणाविना, थोड्या रकमेची, अल्प मुदतीची व वारंवार हप्त्यांनी फेडावयाची जी कर्जे दिली जातात त्यांना लघुऋण किंवा सूक्ष्मकर्ज अशी संज्ञा आहे. १९७६ साली बांगलादेशातील जोबरा या खेड्यात मुहम्मद युनूस यांनी केलेल्या प्रयोगापासून तिला विशेष प्रसिद्धी मिळाली. १९८३ मध्ये त्यातून ग्रामीण बँक उभी राहिली, आणि २००६ साली बँक व तिचे संस्थापक यांना नोबेल शांतता पारितोषिक देण्यात आले.

या कर्जाचे क्षेत्र कोणते असावे यासंबंधी पुढे एक वाद उपस्थित झाला. सॅन फ्रान्सिस्को येथील 'कीवा' ही संस्था २००५ पासून सामान्य नागरिकांकडून बिनव्याजी रकमा गोळा करून त्या अविकसित देशांतील गरजूंना कर्जाऊ देण्याची व्यवस्था करीत होती. जून २००९ मध्ये तिने खुद्द अमेरिकेतील लहान व्यावसायिकांनाही हीच सोय खुली केली. त्यावर तिच्या अनेक धनकोंनी आक्षेप घेतला. जेथे दरडोई उत्पन्न जगात अग्रेसर आहे, बँकांचे जाळे दाट आहे आणि सरकारी साहाय्याच्या योजना आहेत, तेथील ऋणकोला हा पैसा का द्यावा, असा त्यांचा सवाल होता. आफ्रिकेतील एखाद्या विक्रेतीची गरज त्याहून कितीतरी मोठी आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

हा प्रश्न प्रथमदर्शनी महाराष्ट्रापासून दूरचा वाटेल. परंतु त्याच्या मुळाशी एक गृहीत आहे, आणि त्या गृहीताची परीक्षा घेण्यास यवतमाळ जिल्ह्याइतके योग्य स्थळ क्वचितच सापडेल. ऋणको ज्या भूभागात राहतो त्याच्या सरासरी संपत्तीवरून त्याची गरज ठरवता येते, हे ते गृहीत होय. महाराष्ट्र हे एकूण उत्पन्नाच्या दृष्टीने भारतातील सर्वांत मोठे राज्य आहे. यवतमाळ हा त्याच राज्याचा जिल्हा आहे. पण राज्याची संपन्नता त्याच्या वाट्याला कितपत आली, हे विदर्भाच्या अर्थकारणाचा अभ्यास करणाऱ्यास सांगावयास नको. संपन्न प्रदेशातील निर्धन ऋणको हा न्यूयॉर्कचाच विशेष आहे असे नाही. तो झरी-जामणीतही आहे.

इतिहासाची साक्ष

लघुऋण ही गरीब देशांत उगम पावलेली कल्पना आहे आणि तिला श्रीमंत देशांत नेणे हा तिचा विपर्यास आहे, असे पुष्कळदा मानले जाते. वस्तुतः तिचा प्रवास उलट दिशेने झालेला आहे. अठराव्या शतकात डब्लिन येथे जोनाथन स्विफ्ट यांनी स्वतःच्या पैशातून गरीब कारागिरांना लहान कर्जे देण्यास प्रारंभ केला, आणि एकोणिसाव्या शतकात आयर्लंडभर अशा ऋणनिधींचे जाळे पसरले. जर्मनीत फ्रीड्रिख विल्हेल्म रायफायझेन यांनी १८६४ साली हेडेसडॉर्फ येथे शेतकऱ्यांची पतसंस्था काढली. एका गावातील माणसे एकमेकांस ओळखतात, एकाच्या कर्जाची जबाबदारी सर्वांवर असली तर प्रत्येकजण दुसऱ्यावर लक्ष ठेवतो, आणि त्यामुळे तारणाची उणीव परिचयाने भरून निघते, हे तिच्यामागील तत्त्व होते.

हेच तत्त्व भारतात आले. १८७५ साली पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचे दंगे झाले. त्यांच्या चौकशीनंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. परंतु सावकारास कायद्याने आवरणे आणि सावकाराला पर्याय निर्माण करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे लवकरच ध्यानात आले. १९०४ चा सहकारी पतसंस्था कायदा हा पर्याय निर्माण करण्याचा प्रयत्न होता, आणि त्याच्या पाठीशी रायफायझेन यांचा नमुना होता. तथापि, अर्ध्या शतकानंतर स्थिती काय होती? ए. डी. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीच्या आधारे १९५४ साली जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यावरून शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा अवघा ३.१ टक्के आढळला. धंदेवाईक व शेतकरी सावकार मिळून सुमारे ७० टक्के कर्ज पुरवीत होते. धनंजयराव गाडगीळ हे या समितीचे एक सदस्य होते.

या इतिहासातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक, लघुऋणाची आवश्यकता देशाच्या दारिद्र्यातून नव्हे, तर पतव्यवस्थेतील पोकळीतून उत्पन्न होते. ही पोकळी औद्योगिक भरभराटीच्या काळातील जर्मनीतही होती. दुसरे, संस्था कागदावर स्थापन झाल्याने पोकळी भरतेच असे नाही. एखाद्या प्रदेशात बँकांची संख्या किती आहे यावरून तेथील निर्धनाला कर्ज मिळते की नाही याचा उलगडा होत नाही.

स्थलाची सरासरी

आता मूळ गृहीताकडे वळू. सरासरी हे एक उपयुक्त साधन आहे. परंतु ती ज्यांच्यापासून काढलेली असते त्यांच्यापैकी कोणाचेही वर्णन ती करीलच असे नाही. महाराष्ट्राच्या सरासरीत मुंबई, ठाणे व पुणे यांचे उद्योग व व्यापार सामावलेले आहेत. राज्यांतर्गत विषमतेचा प्रश्न इतका ठळक होता की, वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीला १९८४ साली सिंचन, रस्ते, शिक्षण इत्यादी क्षेत्रांतील अनुशेष जिल्हावार मोजावा लागला. विजय केळकर समितीने २०१३ मध्ये तोच प्रश्न पुन्हा तपासला.

जिल्ह्याची सरासरीही पुरेशी बोलकी नसते. २०११ च्या जनगणनेनुसार यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या २७,७२,३४८ होती, आणि तीपैकी तीनचतुर्थांशाहून अधिक लोक ग्रामीण भागात राहत होते. जिल्ह्याच्या सोळा तालुक्यांपैकी वणी परिसरात कोळशाच्या खाणी आहेत. खाणीतून निघालेल्या कोळशाचे मूल्य जिल्ह्याच्या उत्पन्नात धरले जाते. पण शेजारच्या झरी-जामणी, मारेगाव किंवा केळापूर या तालुक्यांतील कोलाम कुटुंबाच्या घरात त्यामुळे दाणा वाढत नाही. कोलाम ही शासनाने विशेष दुर्बल मानलेली आदिवासी जमात आहे. राज्य संपन्न, जिल्हा मागासलेला, तालुक्यात खाण आणि पोडावर दारिद्र्य, अशी ही उतरंड आहे. तिच्या कोणत्या पायरीवर उभे राहून गरज मोजावयाची, यावर उत्तर अवलंबून राहते.

चुकीचे माप वापरल्यास काय घडते याचे उदाहरण या जिल्ह्याने प्रत्यक्ष अनुभवले आहे. २००६ साली तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भाचा दौरा करून अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम व वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. त्यात थकीत व्याजाच्या माफीचाही समावेश होता. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे या भागातील कर्जबाजारीपणाकडे तेव्हा देशाचे लक्ष लागलेले होते. त्यानंतर २००८ साली केंद्र सरकारने देशव्यापी कृषी कर्जमाफी केली. दोन हेक्टरांपर्यंत जमीन असलेल्यांचे पात्र थकीत कर्ज संपूर्ण माफ झाले. त्याहून अधिक जमीन असलेल्यांना उर्वरित रक्कम भरण्याच्या अटीवर २५ टक्के सूट, आणि अधिसूचित दुष्काळप्रवण व तत्सम जिल्ह्यांत २५ टक्के किंवा २०,००० रुपये यांपैकी जी रक्कम अधिक असेल तेवढी सूट मिळाली.

दोन हेक्टरांची ही रेषा वरवर न्याय्य वाटते. परंतु बारमाही पाण्यावर ऊस घेणाऱ्याचे दीड हेक्टर आणि पावसाच्या भरवशावर कापूस घेणाऱ्याचे तीन हेक्टर यांत अधिक संपन्न कोण? यवतमाळातील बहुतांश शेती कोरडवाहू आहे. कोरडवाहू शेतीत धारणक्षेत्र मोठे दिसते, कारण थोड्या जमिनीवर तेथे कुटुंबाचा निर्वाहच होऊ शकत नाही. अशा रीतीने ज्या संकटाने प्रश्नाला तोंड फुटले, त्याच भागातील पुष्कळ शेतकरी 'मोठे' ठरून संपूर्ण माफीच्या बाहेर राहिले. देशाच्या नावावरून ऋणकोला श्रीमंत ठरविणे आणि हेक्टरांच्या आकड्यावरून शेतकऱ्याला श्रीमंत ठरविणे, या दोन चुका एकाच जातीच्या आहेत.

कालाची सरासरी

सरासरी जशी स्थलाची असते तशी ती कालाचीही असते, आणि लघुऋणाच्या दृष्टीने ही दुसरी सरासरी अधिक घातक आहे. कापूस उत्पादकाचे आर्थिक वर्ष ध्यानात घेतले म्हणजे हे स्पष्ट होईल. मृगाच्या पावसावर पेरणी होते; बियाणे, खत व कीटकनाशके यांचा खर्च जून ते सप्टेंबर या काळात होतो. वेचणी ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून सुरू होते आणि पैसा हातात येतो तो त्यानंतर. पाऊस लांबला, दुबार पेरणी करावी लागली, बोंडअळी पडली किंवा भाव उतरला, तर तोही पुरेसा येत नाही. मधल्या महिन्यांत मजुरी हाच काय तो रोख आधार.

अशा कुटुंबापुढे कर्जाची जी साधने आहेत त्यांचा क्रम लावता येतो. सर्वांत स्वस्त साधन पीककर्जाचे. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेखाली मुदतीत परतफेड करणाऱ्यास ठरावीक मर्यादेपर्यंत ते प्रत्यक्षात बिनव्याजी पडते. २०२१-२२ पासून ही मर्यादा तीन लाख रुपयांपर्यंत नेण्यात आली. परंतु त्यास दोन अटी आहेत. सातबाऱ्यावर नाव असले पाहिजे आणि मागील कर्ज थकलेले नसले पाहिजे. मक्त्याने किंवा बटईने शेती करणारा पहिल्या अटीने वगळला जातो. एका नापिकीने थकबाकीदार झालेला दुसऱ्या अटीने. मार्चअखेर कर्जाचे 'नवे-जुने' करण्यासाठी काही दिवसांपुरते सावकाराकडून पैसे उचलावयाचे, बँकेत भरावयाचे आणि नवे कर्ज मिळताच सावकाराला परत करावयाचे, ही रीत याच अटीतून उत्पन्न झाली आहे. बँकेच्या हिशेबात कर्ज फिटलेले दिसते. कुटुंबाच्या हिशेबात केवळ धनको बदललेला असतो.

त्यानंतर स्वयंसहायता बचत गटांचे कर्ज येते. राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेने, म्हणजे नाबार्डने, १९९२ साली पाचशे गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला. महाराष्ट्रात १९७५ साली स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ आणि पुढे 'उमेद' अभियान यांनी हे काम खेड्यापाड्यांत नेले. तिसरे साधन खाजगी सूक्ष्मवित्त संस्थांचे. त्यांचा व्याजदर सर्वसाधारणपणे वीस टक्क्यांच्या वर असतो आणि हप्ता आठवड्याचा, पंधरवड्याचा किंवा महिन्याचा असतो. चौथे साधन कृषी केंद्रावरील उधारी. तेथे व्याज निराळे दिसत नाही, ते मालाच्या किमतीत मिसळलेले असते. शेवटचा सावकार. सवाई म्हणजे शंभरास हंगामाअखेर सव्वाशे, आणि दिढी म्हणजे दीडशे. हंगाम सहा महिन्यांचा धरला तर सवाईचा वार्षिक दर सरळव्याजाने ५० टक्के आणि दिढीचा १०० टक्के होतो. शिवाय कर्जाच्या हमीसाठी जमिनीचे खरेदीखत लिहून घेण्याची प्रथा होती आणि तिने अनेकांची शेते गेली. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमाने विनापरवाना सावकारीस शिक्षा ठेवली आणि अवैध सावकारीतून बळकावलेली जमीन परत मिळविण्याची तरतूद केली, ती याच कारणास्तव.

सूक्ष्मवित्त संस्थेचे कर्ज सावकाराहून स्वस्त आहे हे उघड आहे. तथापि येथे अभ्यासकाने दोन सावधगिऱ्या बाळगल्या पाहिजेत. पहिली दराच्या मोजणीची. दहा हजारांचे कर्ज वर्षभराच्या बारा समान हप्त्यांत फेडावयाचे आणि व्याज मात्र मूळ रकमेवर १२ टक्के आकारावयाचे, असे ठरल्यास ऋणको एकूण ११,२०० रुपये भरतो. परंतु वर्षभर दहा हजार रुपये त्याच्यापाशी नसतात. प्रत्येक हप्त्यागणिक मुद्दल घटत जाते. घटत्या शिलकीवर हिशेब केल्यास हाच दर सुमारे साडेएकवीस टक्के निघतो. सांगितलेला दर व पडणारा दर यांतील हे अंतर अशिक्षित ऋणकोच्याच नव्हे, तर पदवीधराच्याही ध्यानात सहजी येत नाही.

दुसरी सावधगिरी हप्त्याच्या वेळेची. आंध्र प्रदेशात २०१० साली सूक्ष्मवित्ताचे मोठे संकट ओढवले. त्यानंतर मालेगाम समितीच्या शिफारशींवरून रिझर्व्ह बँकेने २०११ मध्ये नियम केले. ग्रामीण भागात ६०,००० व शहरी भागात १,२०,००० रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेले कुटुंबच अशा संस्थांच्या कर्जास पात्र ठरले. ही मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढत गेली आणि एप्रिल २०२२ पासून ग्रामीण व शहरी असा भेद न ठेवता ती ३,००,००० रुपये झाली. त्याच वेळी व्याजदरावरील कमाल मर्यादा उठविण्यात आली आणि कुटुंबाच्या सर्व कर्जांचे मासिक हप्ते मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांहून अधिक नसावेत, असा नवा निर्बंध आला.

हा निर्बंध हितकारक आहे. परंतु तो कापसाच्या घराला लावून पाहावा. समजा, एका कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १,२०,००० रुपये आहे. सरासरीने ते मासिक १०,००० होते आणि ५,००० रुपयांपर्यंतचा हप्ता नियमात बसतो. पण त्या १,२०,००० पैकी ८०,००० रुपये कापूस व तूर यांचे असून ते डिसेंबर ते फेब्रुवारीत आले, आणि उरलेले ४०,००० मजुरीचे असून ते बारा महिन्यांत विखुरलेले आहेत, असे मानल्यास श्रावणात या घरात महिन्याला साडेतीन हजारांहूनही कमी रोकड येते. पाच हजारांचा हप्ता तेथून निघावा कसा? तो निघतो तो दुसऱ्या कर्जातून. परतफेडीचे प्रमाण उत्तम दिसते, आणि कर्जबाजारीपणाही वाढत राहतो. परतफेडीच्या कालांतरात लवचीकता ठेवण्याचे धोरण संस्थांनी आखावे, अशी अपेक्षा नियमांत आहे. तिचा अंमल किती होतो, यावर या जिल्ह्यातील सूक्ष्मवित्ताचे भवितव्य पुष्कळ अंशी अवलंबून आहे.

तात्पर्य असे की, गरीब प्रदेश म्हणजे लघुऋणास योग्य प्रदेश, हे समीकरणही तितकेच सदोष आहे. रोज माल आणून रोज विकणाऱ्या भाजीवाल्यास, शिंपीकाम करणाऱ्या स्त्रीस किंवा दूध घालणाऱ्यास साप्ताहिक हप्ता झेपतो, कारण त्याचे उत्पन्न त्याच गतीने फिरते. कोरडवाहू पिकाचे उत्पन्न त्या गतीने फिरत नाही. तेथील उणीव केवळ भांडवलाची नसून जोखमीची आहे, आणि जोखीम कर्जाने नाहीशी होत नाही. ती फक्त धनकोकडून ऋणकोकडे सरकते. तिच्यावर उपाय सिंचन, विमा व भाव यांच्या मार्गाने शोधावा लागतो.

अमेरिकेतील अनुभव

या कसोट्या घेऊन पुन्हा संपन्न देशांकडे पाहिले म्हणजे मूळ वादाचे स्वरूप बदलते. अमेरिकेतील ठेव विमा महामंडळाच्या २०२३ च्या पाहणीप्रमाणे तेथील ४.२ टक्के, म्हणजे सुमारे ५६ लाख कुटुंबांचे कोणत्याही बँकेत खाते नव्हते. त्याशिवाय ज्यांचे खाते आहे पण पतइतिहास नाही किंवा बिघडलेला आहे, असा वर्ग निराळाच. नव्याने आलेल्या स्थलांतरितांचा त्यात भरणा असतो. अशा माणसाला अडचणीच्या वेळी पगाराच्या आधारावर पंधरा दिवसांपुरते उसने देणाऱ्या दुकानाकडे जावे लागते. जेथे कायद्याचा मज्जाव नाही अशा राज्यांत शंभर डॉलरांवर पंधरवड्यास पंधरा डॉलर हा आकार सामान्य आहे. वर्षात असे सव्वीस पंधरवडे येतात. म्हणजे वार्षिक दर ३९० टक्के झाला. यवतमाळातील दिढीचा सावकारदेखील या दुकानापुढे सौम्य ठरावा.

संपन्न देशातील निर्धन हा सापेक्षतेने निर्धन असतो, हे खरे. पण पतव्यवस्थेच्या बाहेर असण्याचा दंड त्याला सापेक्षतेने नव्हे, तर प्रत्यक्ष भरावा लागतो. ग्रामीण बँकेच्या धर्तीवर जानेवारी २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात सुरू झालेल्या 'ग्रामीण अमेरिका' या संस्थेने पाच-पाच स्त्रियांचे गट करून कर्जे दिली आणि त्यांची परतफेड पतनोंदणी संस्थांना कळविली. त्यामुळे कर्जदार स्त्रीच्या नावे पतइतिहास तयार होऊ लागला. रकमेपेक्षाही हा लाभ तेथे मोठा मानावा लागेल, कारण तेथे घर भाड्याने घेण्यापासून टेलिफोनच्या जोडणीपर्यंत अनेक व्यवहार त्या इतिहासावर अवलंबून असतात. फ्रान्समध्ये मारिया नोवाक यांनी १९८९ साली स्थापन केलेली 'आदी' ही संस्थाही बँकांनी नाकारलेल्या बेकारांना स्वतंत्र व्यवसायासाठी कर्ज देण्याच्या हेतूनेच उभी राहिली.

तथापि अपयशाचीही उदाहरणे आहेत आणि ती शिकवण देणारी आहेत. आर्कान्सा राज्यात १९८८ साली 'गुड फेथ फंड' या नावाने ग्रामीण बँकेचा नमुना राबविण्यात आला. तेथे समूहहमीची पद्धत रुजली नाही व पुढे ती सोडावी लागली. विखुरलेल्या वस्तीत एकमेकांची हमी घेण्याइतका परिचय नव्हता. शिवाय बहुसंख्य लोक वेतनावर जगणारे असल्याने स्वतंत्र धंदा करणारेच मुळात थोडे होते. रायफायझेन यांचे तत्त्व परिचयावर उभे होते. जेथे परिचय नाही तेथे ते नुसत्या अनुकरणाने उभे राहत नाही.

लघुऋणाचा परिणाम किती, याविषयीही अतिशयोक्ती टाळली पाहिजे. बोस्निया, इथिओपिया, भारत, मेक्सिको, मंगोलिया व मोरोक्को या सहा देशांतील प्रयोगात्मक पाहण्या २०१५ मध्ये एकत्र प्रसिद्ध झाल्या. भारतातील पाहणी हैदराबादेत अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी केली होती. काही कुटुंबांना व्यवसाय वाढविता आला, खर्चाची जुळवाजुळव सोपी झाली. परंतु सरासरी कुटुंबाचे दारिद्र्य हटले असे कोठेही निर्णायकपणे आढळले नाही. लघुऋण हे सोयीचे साधन आहे. दारिद्र्यनिर्मूलनाचे अस्त्र नव्हे.

प्राधान्याचा प्रश्न

कीवाच्या आक्षेपकांचा एक मुद्दा मात्र याने निकालात निघत नाही. पैसा मर्यादित आहे. न्यूयॉर्कमधील एका ऋणकोस दिलेले पंधराशे डॉलर म्हणजे सव्वा लाखाहून अधिक रुपये. तेवढ्या रकमेत यवतमाळात तीस हजारांची चार कर्जे देता आली असती. मग अग्रक्रम कोणास?

याचे उत्तर पैसा कोणाचा आहे यावर अवलंबून आहे. अमेरिकेत १९७७ च्या सामुदायिक पुनर्गुंतवणूक कायद्याने बँकांवर आपापल्या परिसरातील अल्प उत्पन्नाच्या वस्त्यांच्या गरजा भागविण्याची जबाबदारी टाकली आहे. त्या जबाबदारीपोटी बाहेर पडणारा पैसा तेथे न वापरल्याने यवतमाळास येणार नसतो. म्हणून तेथे अग्रक्रमाचा प्रश्नच उद्भवत नाही. जो पैसा खर्च भागवील इतके व्याज घेऊन फिरतो, त्याच्या बाबतीतही फिरत्या निधीमुळे एकास दिले म्हणून दुसऱ्याचे कायमचे गेले, असे होत नाही. उरतो तो दानबुद्धीने दिलेला, बिनव्याजी किंवा अनुदानित पैसा. हा पैसा कोठेही जाऊ शकतो आणि म्हणून त्याच्या बाबतीत आक्षेपकांचे म्हणणे ग्राह्य धरले पाहिजे : त्याचा प्रत्येक रुपया जेथे अधिक हलका होणारा भार आहे तेथे प्रथम जावा. महाराष्ट्रातील व्याजसवलतीच्या पैशालाही हाच न्याय लागू आहे. सातबारा व नियमित परतफेड या दोन अटींमुळे तो पैसा बागायती, स्थिर उत्पन्नाच्या भागांतील शेतकऱ्यापर्यंत सुखाने पोचतो आणि मक्तेदार, बटईदार व नापिकीने थकलेला यांच्यापर्यंत पोचत नाही. म्हणजे ज्या प्रश्नाने परदेशी धनकोंना अस्वस्थ केले, तो स्वदेशी अर्थसंकल्पातही आहे. फक्त तो कोणी त्या शब्दांत मांडत नाही.

मात्र चार कर्जे एकापेक्षा अधिक, एवढ्यावरूनही निर्णय करता येत नाही. ती चार कर्जे जर श्रावणात हप्ता मागणारी असतील, तर ती चार कुटुंबांस अडचणीत टाकणारी ठरतील. आणि न्यूयॉर्कमधील एक कर्ज जर ३९० टक्क्यांच्या कर्जाची जागा घेत असेल, तर ते एक कुटुंब मुक्त करणारे ठरेल.

उपसंहार

यावरून संपन्न देशांत लघुऋण द्यावे की नाही, या प्रश्नाचे उत्तर देशाच्या नावाने देता येत नाही, असे दिसते. त्याऐवजी तीन पृच्छा कराव्यात. हे कर्ज कोणत्या धनकोची जागा घेणार आहे? त्याचा हप्ता ऋणकोच्या उत्पन्नाच्या गतीशी जुळतो काय? आणि पैसा परत फिरणारा आहे की दानाचा? पहिल्या दोन कसोट्यांस जे कर्ज उतरते ते क्वीन्समध्येही योग्य आहे आणि पुसदमध्येही. जे उतरत नाही ते दोन्ही ठिकाणी अयोग्य आहे. तिसरी कसोटी फक्त क्रम ठरविते, योग्यता नव्हे.

या तिन्ही पृच्छांची उत्तरे घरोघरच्या हिशेबातच मिळू शकतात. राज्याची, जिल्ह्याची वा वर्षाची सरासरी ती देऊ शकत नाही. कुटुंबाची महिनावार जमा, महिनावार देणे आणि प्रत्येक धनकोचा प्रत्यक्ष पडणारा दर यांची गावपातळीवर नोंद करणे, हे काम विद्यापीठीय संशोधनाच्या आवाक्यातील आहे. तसे झाल्यास यवतमाळातील पतधोरणास तर आधार मिळेलच. पण संपन्नतेच्या छायेत राहणाऱ्या निर्धनाचा प्रश्न जगात इतरत्र कसा मांडावा, याचाही एक नमुना येथून पुढे ठेवता येईल.